आजोबांसाठी आठ जीबी

५ ऑगस्ट, सोमवार

काल उपासनेनंतर बायकांच्या मंडळाची सभा होती. चर्चला सहा ऑक्टोबरला शंभर वर्षं होतात. पाळकसाहेब म्हणाले, गावातल्या सगळ्या दिवंगतांचे फोटो त्या दिवशी पडद्यावर दाखवता आले असते तर किती छान झालं असतं, पडदा मिळेल हो, पण फोटो जुळवून कोण देणार. सगळ्या बायका चटईची वीण तपासत बसल्या. मी उभी राहिले. म्हटलं, माझ्याकडे कम्प्युटर आहे, मी करते.

नाव व्हावं म्हणून नाही. मला फक्त आजोबांना तिथं बघायचं आहे. चर्चची घंटा लेवुका बंदरातून त्यांनी आणली, होडीतून, एकट्यानं वल्हवत, अर्ध्या बेटाला वळसा घालून. चर्चच्या दाराशी जो दगड आहे त्याच्यावर ते उभारणाऱ्यांची बावीस नावं कोरलीत, त्यात त्यांचं नाही. का, तर ज्या आठवड्यात नावं ठरली त्या आठवड्यात ते यांगोनाच्या, त्या गुंगी आणणाऱ्या मुळीच्या पाण्याच्या, वाट्या जास्त पिऊन प्रार्थनेत घोरले. त्या घोरण्याला शंभर वर्षं झाली. आता पुरे.

त्यांचा फोटो शेवटचा लावणार. शेवटचा फोटो सगळ्यात जास्त वेळ डोळ्यांपुढे राहतो. खाली नाव घालणार नाही, दिखावा नको. घंटेला हात टेकून उभे आहेत, लोक आपोआप ओळखतील.

फोटो एकुलता एक आहे. तो चुलतभाऊ जेकोपेच्या घरी, त्यांची घराण्यातली थोरली पाती म्हणून. येईलच.

९ ऑगस्ट, शुक्रवार

एकसष्ट फोटो आले. प्रत्येक फोटोबरोबर एक माणूस आलं, आणि आलेलं माणूस चहाशिवाय कसं पाठवायचं. लिंबाची पानं तोडून तोडून झाड एका बाजूनं भुंडं झालं.

फोनवर फोटोंचे फोटो काढून कम्प्युटरमध्ये घातले. सतरावा घातला आणि पडदा गोठला. बंद केला, चालू केला. पुन्हा सतराव्याला. बहुतेक सतराव्या फोटोचाच दोष. तो काढून दुसरा घातला. तोही सतरावा झाला.

१२ ऑगस्ट, सोमवार

कम्प्युटरमधलं कळणारा गावात एकच माणूस, जेकोपे. टाउनमध्ये त्याचं दुरुस्तीचं टेबल आहे. पण तो माझा चुलतभाऊ, आमच्यात चुलत तो सख्खाच, आणि वयात आलेल्या बहीण-भावानं एकमेकांशी बोलायचं नाही. मी बारा वर्षांची झाल्यापासून आम्ही बोललेलो नाही. म्हणजे सेहेचाळीस वर्षं. मान आहे म्हणूनच. तो समोरून आला की मी वाट बदलते, तोही बदलतो. एकदा दोघांनीही एकाच बाजूला बदलली. मग मी घाईनं दुकानात शिरले आणि नको असलेला साबण घेऊन आले.

त्याच्या बायकोशी मात्र काहीही बोलता येतं. भावजय म्हणजे चेष्टेचं नातं, तिनं नणंदेला टोमणे मारले नाहीत तर लोक विचारतील, भांडण झालंय का. उनाइसी तो हक्क वाया जाऊ देत नाही. तिच्याकडून जेकोपेला विचारलं.

आज येऊन सांगून गेली. दारातूनच म्हणाली, काय वन्सं, सतराच माणसं झाली की तुमच्या पेटीत जागा संपते म्हणे, तुमच्या स्वयंपाकघरासारखंच झालं. मग बसली. मग चहा. मग म्हणाली, ते म्हणतात मेमरी कमी पडते. चारची आहे, आठची पाहिजे. पेटी उघडून आतली पट्टी काढून माझ्याकडे पाठवायला सांगा, तिच्याशी जुळणारीच आणतो.

पट्टी काढून पाठवायची काही गरज दिसत नाही. चालती वस्तू घराबाहेर धाडू नये. आठची द्या म्हणायचं, झालं. पीठ आणायला जाताना आपण घरचं पीठ दाखवायला नेतो का?

मी फॉर्म फाइव्ह, म्हणजे अकरावी, पास आहे. चार आणि आठ यातला फरक मला कळतो. जेकोपेला पुन्हा त्रास द्यायचा नाही, असं ठरवलं.

१७ ऑगस्ट, शनिवार

नवरा वाइसाके लाकूड बघायला राजधानीला, सुव्याला गेला होता, त्याच्याकडून मेमरी मागवली. आज बोटीनं आणली. आठ जीबी. दुकानदार म्हणाला म्हणे, सगळ्यात नवीन आहे. नवीनच बरी, जास्त दिवस टिकेल. उद्या प्रभूचा दिवस, यंत्राला हात नाही. सोमवारी पाच मिनिटांचं काम.

१९ ऑगस्ट, सोमवार

बसत नाही. जुन्या पट्टीला खालच्या कडेला एक खाच आहे, नवीलाही आहे, पण दोन दाणे तांदळाइतकी सरकलेली. दाबून पाहिलं. स्तोत्र म्हणत दाबून पाहिलं.

वाइसाके बघत होता. म्हणाला, हात्तिच्या, एवढंच ना. आणि कानस घेऊन आला. पस्तीस वर्षं होड्यांचे सांधे बसवतोय तो, पाणी शिरत नाही. हवी तिथं नवीन खाच पाडून दिली. सुबक पाडली, हे मान्य करायला हवं. पट्टी बसली.

बटण दाबलं. उजेड नाही. खोबरं करपल्यासारखा वास आला.

जुनी पट्टी परत घातली, तिच्यावर चालतो आहे. देवाची कृपा. कानस पिठाच्या डब्यात लपवली.

२० ऑगस्ट, मंगळवार

उनाइसी आली. तिला कसं कळलं विचारलं नाही. वाइसाके रात्री यांगोना प्यायला बसतो तिथं सगळं गाव असतं.

म्हणाली, वन्सं, कानशीचं ऐकलं आणि तुमच्या भावांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाले, कानस? मग उठून माडाच्या मागं गेले. परत आले तेव्हा डोळे पुसत होते. हे म्हणताना तिला स्वतःला उभं राहवत नव्हतं. मी गंभीर राहिले.

निरोप असा: या मेमरीच्या पिढ्या असतात. दाजींनी आणली ती चौथी पिढी, तुमच्या पेटीला तिसरी लागते. दोघी एका घरात नांदत नाहीत. आणि पुन्हा तेच, जुनी पट्टी पाठवा. उनाइसी म्हणाली, द्या की हो, भावाकडेच तर चाललीय, पळून का जाणार आहेत ते तिला घेऊन.

नाही दिली. आता पिढी कळली, अजून काय हवं.

आजोबांच्या फोटोचं आजच सांगणार होते. पण उनाइसीला एका खेपेला दोन गोष्टी सांगितल्या की दोन्ही अर्ध्याच पोचतात. आधी मेमरी.

२४ ऑगस्ट, शनिवार

सेनिमिली म्हातारी रोज येते. चौऱ्याऐंशीची आहे, काठी टेकत येते, वडिलांचा फोटो पडद्यावर दिसेपर्यंत हलत नाही, आणि पडदा तर सतराव्याला गोठतो. वडील उपदेशक होते, म्हणून पहिला मान त्यांचा, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, आजी, प्रभूच्या घरी पहिलं-शेवटचं नसतं. म्हणाली, मग तुझ्या आजोबाला घाल की मधे कुठंतरी. नाहीतर नकोच घालू. घोरणाऱ्याला पडद्यावर काय करायचंय, झोपू दे.

मी हसले. क्षमा केली. आज चार वेळा क्षमा केली.

३१ ऑगस्ट, शनिवार

सुव्याच्या एका दुकानात मी स्वतः फोन केला होता. तिसरी पिढी, आठ जीबी, असं स्पष्ट सांगितलं. त्यानं विचारलं, लॅपटॉपची का डेस्कटॉपची? मी विचारलं, स्वस्त कुठली? तीच द्या म्हटलं. शेवटी मेमरी ती मेमरी.

आज पाकीट आलं. पट्टी निम्मीच आहे. म्हणजे लांबीनं निम्मी. खाचेत ठेवली तर मोठ्या चटईवर एकटं मूल निजल्यासारखी दिसते.

वाइसाके म्हणाला, दोन आणून टोकाला टोक लावली तर? मी पिठाचा डबा मांडीवर घेऊन बसले.

३ सप्टेंबर, मंगळवार

उनाइसी: वन्सं, ते विचारतायत, पुढच्या वेळी अंगठीत बसेल अशी मागवणार का?

पट्टी पाठवा, हाही निरोप होता. तोच तोच निरोप काय लिहायचा.

फोटोचं राहिलं. ती लवकर गेली.

७ सप्टेंबर, शनिवार

एकशे सात फोटो. घराबाहेर पडायची सोय नाही. पाणवठ्याच्या वाटेवर तिघी थांबलेल्या असतात. आमचं कुठवर आलं? आमच्या बाबांचा कान फोटोत कापला गेलाय, तो जोडता येईल का? मागच्या वाटेनं कसाव्याच्या वाफ्यात गेले तर तिथं सेनिमिली म्हातारी मुळावर बसलेली. म्हणाली, मला वाटलंच तू इकडून येशील.

शब्द परत घ्यावा असं एकदा वाटलं. पण सबंध मंडळासमोर, देवाच्या घरात उभं राहून दिलेला शब्द, तो आता कोणाला परत मागू? आणि परत घेतला तर आजोबा पुन्हा दाराबाहेर. मग दार लावून भरतकाम केलं. आत आहे हे कळू नये म्हणून गाणं मनातल्या मनात म्हटलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

या वेळी चूक होणं शक्य नव्हतं. मी पेटी उघडली. जुनी पट्टी काढली. शिवणाच्या टेपनं मोजली. तिच्यावरच्या चिठ्ठीवरचं सगळं कागदावर उतरवलं. ओळीच्या शेवटी काही बारीक अक्षरं होती, ती सोडली, कागद संपला होता. दुकानदाराला वाचून दाखवलं. तो म्हणाला, याच्यातच एक स्वस्त आहे, मोठ्या ऑफिसातल्या मशीनमधनं काढलेली, एकदम दणकट. निम्म्या किमतीत. मी देवाचे आभार मानले.

आज आली. लांबी बरोबर. खाच बरोबर. बसली!! बटण दाबलं. पंखा फिरला आणि पेटी बोलली. तीनदा. बीप, बीप, बीप. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. शुभ वाटलं.

अर्धा तास झाला, अजून तीन-तीनदाच बोलते आहे. पडदा काळा. सेनिमिली म्हातारी खिडकीतून म्हणाली, अगं, रडतंय ते, काढ त्याच्या अंगातलं.

१६ सप्टेंबर, सोमवार

जेकोपेचा निरोप: ती सर्व्हरची मेमरी आहे. दिसायला तीच, पण तुमच्या पेटीला तिची ओळख पटत नाही. जुनीच पट्टी पाठवा. हात जोडतो.

हात जोडतो हे त्यानं म्हटलं का उनाइसीनं घातलं, माहीत नाही. तिला विचारलं तर म्हणाली, वन्सं, त्यांनी तर अजून बरंच म्हटलं होतं, पण बहिणीच्या कानावर घालण्यासारखं एवढंच होतं.

तिसऱ्या पट्टीचं वाइसाकेला सांगितलं नाही. तो विचारत नाही. विचारत नाही, हेच जास्त टोचतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

पट्टी पाठवली. हार म्हणून नाही. भावाचा मान राखावा म्हणून. स्वच्छ रुमालात गुंडाळून, वर दोरा बांधून उनाइसीच्या पिशवीत घातली. म्हटलं, आधी टेबलावर त्याच्या हातात दे, मग बाकीची कामं. म्हणाली, वन्सं, नवऱ्यालासुद्धा मी इतकी जपून नेत नाही.

आज दोन गोष्टी सांगायच्याच असं ठरवलं होतं, मेमरी आणि फोटो. पण पट्टी देताना मन भरून आलं.

२१ सप्टेंबर, शनिवार

उनाइसीची मावशी गेली. गाऊ बेटावर. काल संध्याकाळच्या बोटीनंच उनाइसी निघाली, चटया घेऊन, पिशवी घेऊन. टेबलावर थांबायला वेळच मिळाला नाही.

माझी मेमरी मयताला गेली.

मेमरीशिवाय कम्प्युटर नुसता पंखा. फिरतो, बस.

२५ सप्टेंबर, बुधवार

पाळकसाहेब आले. म्हणाले, मिलियाकेरेबाई, जरा बघू द्या, मला राहवत नाही. मी काळ्या पडद्यावरची धूळ पुसली आणि म्हटलं, साहेब, त्याला विश्रांती दिलीय. ते म्हणाले, उत्तम, सृष्टीच्या कर्त्यानंही घेतली होती. आणि दोन कप चहा घेऊन गेले.

खोटं नव्हे. टाउनमधलं ऑफिस बंद झालं तेव्हा आम्ही ही पेटी घेतली, तेव्हापासून तिला सलग चार दिवस विश्रांती आत्ताच मिळते आहे.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज जेकोपे चर्चच्या आवारात दिसला. मंडपाचे खांब उभे करत होता. माझ्यापासून पंधरा पावलांवर. तिथून विचारलं असतं तर दोन वाक्यांचं काम. पण मधे सांगणारं कोणी नव्हतं. उनाइसी गाऊला. मी झगा नीट केला आणि मागच्या बाजूनं घरी आले. तोही खांबाकडे तोंड करून उभा राहिला.

माणसानं रीत सोडली की मग राहतं काय.

२ ऑक्टोबर, बुधवार

उनाइसी परत आली. पट्टी सुखरूप. जेकोपेनं पट्टीवरची चिठ्ठी वाचायला पंधरा सेकंद घेतले म्हणे. लगेच सुव्याला फोन केला, चार-चारच्या दोन येणार, शुक्रवारच्या बोटीनं, जोडी. उनाइसी म्हणाली, ते म्हणतात, हे ऑगस्टात झालं असतं. मी म्हटलं, सगळ्याला वेळ यावी लागते.

आजोबांच्या फोटोचं आता काय सांगायचं. चार दिवस राहिले. त्याचेही आजोबाच आहेत, त्याला का आठवण करून द्यावी लागेल? उलट त्याला वाटेल, ही मला शिकवते. शेवटची चौकट पट्टी पाठवण्याआधीच करून ठेवली आहे, पांढरी, बारीक काळ्या काठाची. एक मिनिट राहील अशी लावली आहे. बाकीचे सहा-सहा सेकंद. यात पक्षपात नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार. दुपारचे चार

हे सगळं सविस्तर लिहून ठेवते, कारण उद्या कोणी काही म्हणेल.

अडीच वाजता उनाइसी आली. पाकीट खिडकीतून आत टाकलं, म्हणाली, ही घ्या तुमची जुळी, मला भट्टीवर जायचंय, दालोचे कंद सोलायचे पडलेत. आणि गेली. वाइसाके डुक्कर भाजायचा खड्डा खणायला. घरात मी एकटी.

दोन्ही पट्ट्या घातल्या. पंखा फिरला. उजेड नाही. काढल्या, घातल्या. उजेड नाही. उद्या सकाळी दहाला उपासना. मला घाम फुटला.

तेवढ्यात बाहेर बाक वाहणारे पुरुष गेले. एक मागं राहिला. आमच्या नीरफणसाच्या झाडाखाली बाक टेकवून घाम पुसत उभा राहिला. जेकोपे. खिडकीच्या काचेच्या पट्ट्या अर्ध्या उघड्या होत्या. मी त्याच्याकडे बघितलं नाही, त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मधे सांगणारं कोणी नाही. फक्त आमचा लंगडा कुत्रा.

माणूस संकटात काय करतो? प्रार्थना करतो. मी गुडघ्यांवर बसले आणि प्रार्थना केली. जरा मोठ्यानं केली, एवढंच. म्हटलं, प्रभो, तुझ्या दासीनं दोन्ही पट्ट्या घातल्या आहेत, पंखा फिरतो, पण पडद्यावर उजेड होत नाही, तू तर सगळं जाणतोस.

मग जेकोपे कुत्र्याला म्हणाला, काय रे लंगड्या, खाचेच्या दोन्ही टोकांना पांढरे कान असतात ना, ते उभे आहेत का आडवे पडलेत?

मी बघितलं. म्हटलं, प्रभो, तुझ्यापासून काय लपलंय, एका टोकाचे उभे आहेत, दुसऱ्या टोकाचे आडवे आहेत.

तो कुत्र्याला म्हणाला, मग बसलीच नाही रे ती. नुसती टेकलीय. वीज बंद करायची, आणि दोन अंगठे दोन टोकांना ठेवून दाबायचं. टक् वाजलं पाहिजे, लंगड्या. कान आपणहून उठतात.

प्रभो, मोडेल अशी भीती वाटते.

घाबरट कुत्रा आहेस. कानशीनं नाही मोडली ती, अंगठ्यानं मोडते होय.

मी वीज बंद केली. दाबलं. टक्. दुसरं टोक. टक्. दुसरी पट्टी. टक्, टक्. बटण. उजेड! पडद्यावर स्वच्छ लिहून आलं, आठ जीबी. मी म्हटलं, प्रभो, तुझे अनंत उपकार, आठ दिसतायत.

बाहेर तो गेला नाही. कुत्र्याला म्हणाला, आणखी काही राहिलंय का रे? आणि थांबला. बराच वेळ थांबला. बाक उचलल्याचा आवाज येईना.

माझ्या जिभेवर फोटो आला होता. पण मिळालेल्या वरावर लगेच दुसरं मागणं हा हावरटपणा. देवापुढे हात किती पसरायचा. मी आमेन म्हटलं.

मग बाक उचलल्याचा आवाज आला.

आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी देवाशी बोलले, तो कुत्र्याशी.

त्याच दिवशी, सहा वाजता

एकशे त्रेचाळीस फोटो. एकदाही गोठला नाही. सतरावा असा गेला की कळलंही नाही. सेनिमिलीच्या वडिलांना पहिलं घातलं, तिला कुठं आता आणखी वर्षं आहेत. शेवटची चौकट तेवढी मोकळी. जेकोपे सकाळी फोटो खिशात घेऊनच येईल. पुरुषांना अशा गोष्टी ऐन वेळी आणायला आवडतात. एक फोटो घालायला दोन मिनिटं. रविवार असला तरी ते काम नव्हे, तो आदर.

६ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळ

झालं.

साडेनऊपासून मी कम्प्युटरपाशी बसले होते, फोन हातात धरून. जेकोपे आला. पांढरा शर्ट, कमरेला गुंडाळलेला सुलू, काखेत बायबल. फक्त बायबल. पुरुषांच्या बाजूला जाऊन बसला आणि पडद्याकडे उत्सुकतेनं बघायला लागला. तेव्हाच मला कळलं. फोटो माझ्याकडेच आहे असं समजून तो आला होता.

उनाइसी गायकवृंदात, पहिल्या ओळीत. तिला खुणावलं. तिला वाटलं गाणं सुरू करा म्हणतेय. तिनं सुरू केलं.

बटण दाबावं लागलं.

सगळे फोटो सुरळीत गेले. कोणी खोकलं नाही. सेनिमिली म्हातारी वडिलांना बघून उभी राहिली आणि बसलीच नाही. आणि मग शेवटची चौकट आली. पांढरी. बारीक काळ्या काठाची. एक मिनिट.

एक मिनिट केवढं असतं, हे मला आज कळलं. घंटा माझ्या डोक्यावरच टांगलेली. पुरुषांच्या बाजूनं जेकोपेनं मान वळवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी खाली बघितलं.

मग पाळकसाहेब उठले. म्हणाले, भगिनींनो, बंधूंनो, ही जागा आपल्या बहिणीनं मोकळी का ठेवली ते माझ्या आत्ता ध्यानात आलं. ज्यांचा फोटो कधी निघाला नाही, ज्यांचं नाव कुठं कोरलं नाही, त्या सगळ्यांची ही जागा आहे.

सगळं चर्च रडलं. सेनिमिली म्हातारी तर मोठ्यानं रडली, माझ्या आईचा फोटो कुणी काढलाच नाही गं, म्हणून. नंतर जेवणाच्या मंडपात प्रत्येक बाईनं माझा हात धरला. कसं सुचलं तुला? मी म्हटलं, देवानं सुचवलं.

एका अर्थी ते खरंच आहे.

७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी उनाइसी आली. फोटो घेऊन, कापडात गुंडाळलेला. आज टोमणा मारला नाही. चहाही नको म्हणाली. म्हणाली, ऑगस्टपासून त्यांनी टेबलावर काढून ठेवला होता, तुम्ही मागाल म्हणून. मग त्यांना वाटलं, मी येते-जाते तेव्हा तुम्ही माझ्या हातून फोनमध्ये उतरवून घेतला असेल. मलाही कोणी विचारलं नाही. एवढ्या खेपा घातल्या वन्सं, एकदा तरी बोलायचं.

मी म्हटलं, काही बिघडलं नाही, आजच घालते. दोन मिनिटांचं काम.

ती गेली आणि पाळकसाहेबांचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. काल संध्याकाळी मंडळाची बैठक झाली. ठराव एकमतानं: हे फोटो दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दाखवावेत. शेवटची चौकट कायम मोकळी ठेवावी, तिच्यात कोणाचाही, कितीही थोर माणसाचा, फोटो घालू नये. कम्प्युटर मिलियाकेरेबाईंच्या विश्वासू ताब्यात राहावा. दगडाशेजारी एक पाटी बसवायची आहे, तिच्यावर माझं नाव घालू का, असंही विचारलं आहे.

नको म्हणून कळवलं. मग त्याच्या मागोमाग दुसरा माणूस पाठवून, चालेल म्हणून कळवलं. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं.

आजोबांना कम्प्युटरला टेकवून ठेवलं. घंटेवर हात, डोळे अर्धवट मिटलेले. दुपारी फोटो तीनदा चालवून पाहिले. कुठंही अडत नाही. शेवटी एक मिनिट पांढरं.

पाच वाजता फोटो पुन्हा कापडात गुंडाळून उनाइसीकडे दिला. थोरल्या पातीकडेच असलेला बरा. तिनं विचारलं, त्यांना काही सांगायचंय? म्हटलं, सांग, मेमरी उत्तम चालते आहे.